सगळ्यांचे काका : डेव्हिड अब्राहम चेऊलकर

१. ‘ते ख्रिश्चन होते ना?’

टीव्हीवर ‘गोलमाल’ लागला आणि ते बुटके, टक्कल पडलेले, गोड हसणारे डॉक्टर पडद्यावर आले की आमच्या नगरच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. ‘हे डेव्हिड. ख्रिश्चन होते ना?’

नगरकरांनी असं विचारावं यात नवल नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली इथे आली. त्यांनी शाळा काढल्या, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच सुरू केलं. पुढे ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई याच शहरात राहिले. त्यामुळे डेव्हिड, सॅम्युएल, याकोब ही नावं इथे कानाला परकी वाटत नाहीत. शाळेत शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाची ती नावं असतात, आणि तो मुलगा रविवारी चर्चला जातो. मग पडद्यावरचे डेव्हिडही त्यातलेच असणार, असं मन धरून चालतं.

पण डेव्हिड ख्रिस्ती नव्हते. ते ज्यू होते, ठाण्याचे होते आणि त्यांच्या समाजाची घरची भाषा मराठी होती. ही तीन उत्तरं एकत्र दिली की समोरचा माणूस आणखीच गोंधळतो. ज्यू म्हणजे इस्राएलचे, युरोपातले. ते ठाण्यात मराठी कसे बोलतील? या प्रकरणाची सुरुवात म्हणूनच सिनेमापासून न करता एका नावापासून करू.

२. नाव सोडवून पाहू

त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. गणितात पदं वेगळी करतो तसं हे नाव वेगळं करून पाहा. पहिला शब्द स्वतःचा, दुसरा वडिलांचा, तिसरा गावाचा. तुमच्या माझ्या शिधापत्रिकेवरची नावं अशाच क्रमाने लिहिलेली असतात. डेव्हिड म्हणजे बायबलातला दावीद राजा आणि अब्राहम म्हणजे ज्यूंचा मूळपुरुष. हे दोन शब्द यरुशलेमकडे बोट दाखवतात. तिसरा शब्द मात्र अलिबागजवळच्या चेऊलकडे, म्हणजे आजच्या चौलकडे नेतो.

आणि चौलला गेलं की नगरकराला स्वतःच्याच इतिहासाची एक विसरलेली खोली सापडते. अहमदनगरच्या निजामशाहीला समुद्राकडे उघडणारं मोठं दार होतं ते हेच. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५२१ च्या सुमारास, पोर्तुगीजांना तिथे, रेवदंड्याच्या बाजूला, किल्ला बांधायची परवानगी मिळाली. पन्नास वर्षांनी मुर्तझा निजामशहाने तोच किल्ला घ्यायला १५७०-७१ मध्ये मोठा वेढा घातला आणि त्याला तो घेता आला नाही. घाटावर आपण भुईकोट किल्ला पाहतो, चांदबिबीची गोष्ट सांगतो. त्याच राज्याचं खारं पाणी चौलच्या खाडीत होतं. ‘चेऊलकर’ हे आडनाव त्या बंदराचं आहे.

कोकणातल्या या मराठी ज्यूंची आडनावं वाचणं म्हणजे रायगड जिल्ह्याचा नकाशा वाचणं आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, दिवेकर, नवगावकर. गाव उच्चारलं की घर कळतं.

३. शनिवारी घाणा बंद

या समाजाचं नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी : फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या, वस्तू बुडाल्या. उरलं ते फक्त अंगवळणी पडलेलं. मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खवले नसलेला मासा खायचा नाही, ‘शेमा’ या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द म्हणायचे आणि शनिवारी काम करायचं नाही.

त्यांनी तेलाचा धंदा धरला. कोकणात इतर तेल्यांचे घाणे शनिवारी फिरत, यांचा बैल मात्र त्या दिवशी दावणीला. ज्यूंचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी सूर्य मावळेपर्यंत चालतो. शेजाऱ्यांना त्यामागचा धर्म ठाऊक नव्हता, त्यांना बंद घाणा दिसत होता. म्हणून त्यांनी या लोकांना सरळ नाव दिलं : शनिवार तेली. मला या नावात वैर दिसत नाही. गावाने त्यांचं वेगळेपण पाहिलं, त्याला एक शब्द दिला आणि तेल घेत राहिलं.

बाकी सारं मराठी. बायका लुगडं नेसत. नवस फेडताना एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ‘मलिदा’ करतात तो गोड पोह्यांचा, ओलं खोबरं घालून. सॅम्युएलचा झाला सामाजी. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनालय १७९६ साली उभं राहिलं ते सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी माणसाने बांधलं, आणि समाजातले लोक प्रार्थनालयाला मशीदच म्हणत. १८८० च्या सुमारास तर त्यांनी कीर्तनं सुरू केली. बायबलातल्या योसेफाची, मोशेची आख्यानं मराठीत, आपल्या कीर्तनकारांच्या ढंगात, साथसंगतीसह. घाणा सोडून शहरात आलेला समाज उभा राहून गोष्ट सांगायला शिकत होता. पुढे सिनेमात आलेल्या माणसाचा विचार करताना मला हे कीर्तन आठवतं.

आता पहिल्या प्रश्नाची गाठ सुटते. ज्या अमेरिकन मिशनने नगरमध्ये शाळा काढल्या, त्याच मिशनने त्याआधी मुंबईत आणि कोकणपट्टीत बेने इस्राएल मुलांना शिकवलं होतं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. नगर भागातल्या अनेक घरांनी अक्षरांबरोबर नवा धर्मही घेतला. बेने इस्राएलांनी अक्षरं घेतली, बायबलाचा आपला भाग मराठीत वाचला आणि आपला जुनाच धर्म अधिक घट्ट धरला. म्हणून नगरचा डेव्हिड रविवारी चर्चला जातो आणि चेऊलचा डेव्हिड शनिवारी घरी थांबतो. शाळा एकाच मंडळींनी काढल्या होत्या.

४. नोकरी न मिळालेला पदवीधर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठाण्यात जन्मलेल्या या मुलाने मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. तो काळ जागतिक मंदीचा. पदवीचा कागद हातात आणि नोकरीचा पत्ता नाही, अशी सहाएक वर्षं गेली. शेवटी नयमपल्ली या अभिनेता मित्राने सिनेमाचं दार उघडून दिलं आणि १९३७ साली ‘झांबो’ या चित्रपटात डेव्हिड पहिल्यांदा दिसले. कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. काळा कोट मात्र घातला नाही.

सिनेमात ज्यू माणूस दिसणं त्या काळात विशेष मानलं जात नव्हतं, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मूकपटांच्या काळात प्रतिष्ठित हिंदू-मुसलमान घरांतल्या मुलींना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला घरचे परवानगी देत नसत. ती जागा अनेकदा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी घेतली. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने त्या काळच्या सर्वांत मोठ्या तारका झाल्या, त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. कलकत्त्याच्या एस्थर अब्राहम ‘प्रमिला’ झाल्या; १९४७ च्या पहिल्या मिस इंडिया त्याच, आणि पुढे त्यांनी चित्रपटांची निर्मितीही केली. या दोघी बगदादी ज्यू. बगदादी म्हणजे इराक आणि आसपासच्या प्रदेशातून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आलेले. पुण्याचं लाल देऊळ बांधणारे डेव्हिड ससून त्यांच्यातले. बेने इस्राएल आणि बगदादी हे दोघेही ज्यू, पण त्यांची भाषा वेगळी, येण्याची वाट वेगळी, राहणी वेगळी.

बेने इस्राएलांतून कॅमेऱ्यामागे गेलेलं सर्वांत मोठं नाव जोसेफ डेव्हिड पेणकर यांचं. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला तो यांच्याच नाटकावरून. हिंदी सिनेमा पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याला गोष्ट पुरवणाऱ्याच्या आडनावात पेण होतं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी असं मला मनापासून वाटतं. डेव्हिड चेऊलकर स्वतः दिग्दर्शनाकडे वळले नाहीत. त्यांनी अभिनय केला, चाळीसहून अधिक वर्षं, शंभराहून अधिक चित्रपटांत.

सुरुवातीच्या टप्प्यात ख्वाजा अहमद अब्बास यांच्याशी त्यांचं नातं जुळलं. अब्बास यांची कथा असलेला ‘नया संसार’ १९४१ चा. मग बंगालच्या दुष्काळावरचा ‘धरती के लाल’ १९४६ चा. पुढे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा ‘शहर और सपना’ १९६३ चा. हे सारे गरिबांच्या बाजूने उभे असलेले चित्रपट, आणि त्यांत डेव्हिड अगदी घरच्यासारखे वावरतात.

५. जॉन चाचा

राज कपूर यांची निर्मिती आणि प्रकाश अरोरा यांचं दिग्दर्शन असलेला ‘बूट पॉलिश’ १९५४ मध्ये आला. मुंबईच्या झोपडपट्टीतली दोन अनाथ भावंडं, बेलू आणि भोला. सांभाळणारी काकू त्यांना मारते आणि भीक मागायला पाठवते. शेजारी राहतो तो जॉन चाचा, पायाने अधू, चोरटी दारू विकणारा.

इथे जरा थांबू. एरवी मुलांना चांगलं वळण लावणारा माणूस दाखवायचा तर लेखक गुरुजी आणतो, साधू आणतो. ‘बूट पॉलिश’ने हे काम कायदा मोडून पोट भरणाऱ्या माणसाकडे दिलं. हात पसरण्यासाठी नाहीत, काम करण्यासाठी आहेत, हे तो मुलांना सांगतो. सख्ख्या बापाने कधी सांगितलं नसेल इतक्या मायेने सांगतो. स्वतः मात्र तो पोलिसांच्या हाती सापडतो. हे पात्र उपदेशाच्या ओझ्याखाली सहज मेलं असतं. डेव्हिड यांनी ते जिवंत ठेवलं ते स्वतःची लाज लपवून न ठेवता. मुलांशी बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर एक अपराधी मिस्कीलपणा असतो : मला जमलं नाही रे, तुम्हाला जमेल.

त्यांच्यावर चित्रित झालेली दोन गाणी शंकर-जयकिशन यांची. एकात ते मुलांना घेऊन मुठीत काय दडलंय ते विचारतात, तिथे आवाज रफींचा. दुसरं तुरुंगातलं. टकलू कैद्यांचा मेळा जमतो आणि मन्ना डे यांच्या आवाजात थेट बैठकीतल्या शास्त्रीय चिजेच्या थाटात ढगांना बोलावणं सुरू होतं. डेव्हिड यांनी स्वतःचं टक्कल या गाण्याच्या कामी लावलं. गवई करतात ते हातवारे, ती मान, सम गाठल्यावरचं समाधान, सगळं अचूक. आणि हसू येतं ते या अचूकपणामुळेच. संगीताची टर ते उडवत नाहीत. गवयाचा पूर्ण मान ठेवून ते हसवतात. पुढे खरोखरच पाऊस लागतो आणि रस्त्यावर बूट पॉलिश करणाऱ्या पोरांचा धंदा बसतो. हसता हसता घशात आवंढा आणणारा इतका साधा मार्ग मी फार कमी चित्रपटांत पाहिला आहे.

फिल्मफेअर पारितोषिकांत साहाय्यक भूमिकांचा विभाग १९५५ मध्ये पहिल्यांदा आला. अभिनेत्याचं पहिलं पारितोषिक डेव्हिड यांना ‘बूट पॉलिश’साठी आणि अभिनेत्रीचं उषा किरण यांना ‘बादबान’साठी. एक ठाण्याचे, दुसऱ्या मूळच्या उषा मराठे. दोघंही मराठी. याच पारितोषिकांच्या समारंभांचं निवेदन पुढे कितीतरी वर्षं डेव्हिडच करत. गर्दीने भरलेलं सभागृह दोन वाक्यांत हसतं करण्याची त्यांची हातोटी चित्रपटसृष्टीत सर्वांना माहीत होती. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

६. विरजण

साहाय्यक भूमिका म्हणजे नक्की काय? श्रेयनामावलीत नाव खाली असतं म्हणून ते काम छोटं, असा समज आहे. दुधाच्या या नगर जिल्ह्यात वेगळा दाखला शोधायला नको. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं. चमचा टाकला नाही तर दूध रात्रभर दूधच राहतं, किंवा नासतं. चांगली साहाय्यक भूमिका हे विरजण असतं.

करून पाहू. ‘गोलमाल’मधून डॉक्टर केदार काढून टाका. १९७९ चा हा हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट. अमोल पालेकर यांचा रामप्रसाद नोकरी शोधतोय. उत्पल दत्त यांच्या भवानीशंकरांना बिनमिशीची, खेळांत रमणारी, फॅशन करणारी पोरं अजिबात खपत नाहीत. ही माहिती रामप्रसादला कोण देतं? डॉक्टर केदार. कुडता घाल, खेळातलं काही कळत नाही असं दाखव, हा सल्ला त्यांचाच. केदार नसतील तर रामप्रसाद टी-शर्टात मुलाखतीला जातो, पहिल्या प्रश्नाला बाहेर पडतो आणि चित्रपट दहा मिनिटांत संपतो. जुळा भाऊ नाही, मिशी नाही, काहीच नाही.

आता ‘चुपके चुपके’ घ्या, १९७५ चा. ओम प्रकाश यांच्या जिजाजींची फिरकी घ्यायची तर शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर त्यांच्या घरी पोचायला हवा. तो पाठवण्याच्या कटात हरिपदभैया सामील, म्हणजे डेव्हिड. बासू चॅटर्जींच्या ‘बातों बातों में’मध्ये लोकल गाडीत टोनी आणि नॅन्सी यांची ओळख करून देणारे अंकल टॉम तेच. ‘अभिमान’ मध्ये तर एका वाक्याचं काम आहे. लग्नाच्या समारंभात नवी नवरी गाते आणि एक जाणकार रसिक ओळखतो की ही नवऱ्यापेक्षा वरचढ आहे, आणि याचा पुढे त्रास होणार. तिथे हसू नाही. त्या एका चेहऱ्यावर काळजी उमटते आणि चित्रपट संपेपर्यंत ती प्रेक्षकाच्या पोटात राहते.

आपल्याकडे लग्न जमवणारे एक काका असतात. ते ना मुलाकडचे, ना मुलीकडचे. दोन्ही घरांत त्यांना चहा मिळतो. कार्य पार पडलं की ते पंगतीत शेवटी बसतात. डेव्हिड यांच्या भूमिका एकापुढे एक मांडल्या की हेच काका दिसतात.

७. ख्रिस्ती कृष्ण, ज्यू जॉन चाचा

त्या भूमिकांची नावं पुन्हा पाहा. जॉन चाचा आणि अंकल टॉम ख्रिस्ती. ‘सत्यकाम’मधले रुस्तम आणि ‘खट्टा मीठा’मधले सोली पारशी. हरिपद, केदार आणि ‘अभिमान’मधले ब्रजेश्वर हिंदू. या यादीत ज्यू कोणी नाही.

माझं मत असं आहे. हिंदी सिनेमाकडे प्रत्येक समाजाचा एक ठरलेला साचा होता. पारशी म्हटला की डगला आणि जुनी मोटार, ख्रिस्ती म्हटला की बाटली, मारवाडी म्हटला की चोपडी. बेने इस्राएलांचा समाज स्वातंत्र्याच्या सुमारासही वीसेक हजारांचाच. त्यांचा साचा कुणी बनवलाच नव्हता. डेव्हिड पडद्यावर आले तेव्हा त्यांना कुठल्या खणात टाकायचं हे प्रेक्षकाला ठाऊक नव्हतं, आणि ही मोकळीक त्यांनी पुरेपूर वापरली. ते कोणत्याही घरात काका म्हणून शिरू शकले. शिवाय साच्याच्या विनोदाने आपली माणसं कशी दुखावतात, हे छोट्या समाजातल्या माणसाला कळत असतं. त्यांचे पारशी आणि ख्रिस्ती म्हातारे पाहा : उच्चाराची लकब असते, पण हशा लकबीवर बेतलेला नसतो. बुटकेपणावर, टकलावर स्वतः हसतील. दुसऱ्याच्या बोलण्यावर, जातीवर, गरिबीवर नाही.

याचा आपल्याकडचा जोडीदार शोधायला नगर सोडावं लागत नाही. शाहू मोडक १९१८ साली याच शहरात, ख्रिस्ती घरात जन्मले. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये ते बाळकृष्ण झाले, १९४० मध्ये प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले आणि नंतर कितीतरी वेळा पुन्हा कृष्ण झाले. लोक त्यांच्या पाया पडत. त्या पिढीने नगरच्या ख्रिस्ती मुलाला माउली म्हणून स्वीकारलं आणि ठाण्याच्या ज्यू माणसाला जॉन चाचा म्हणून. प्रेक्षक भोळे होते म्हणून हे घडलं, असं मी मानत नाही. नटाच्या घरी कोणती प्रार्थना होते याची चौकशी करण्यापेक्षा समोरची माया खरी आहे की नाही हे त्यांनी पाहिलं.

८. ठाणं, टोरांटो

१९४८ नंतर बेने इस्राएलांची घरं रिकामी होऊ लागली. कुणी त्यांना इथून हुसकावलं नव्हतं. प्रार्थनेत ज्या भूमीचं नाव रोज येत होतं ती आता खरोखर नकाशावर होती. जाणाऱ्यांनी मराठी सोबत नेली. इस्राएलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

डेव्हिड तेव्हा गेले नाहीत. त्यांची सर्वांत लाडकी कामं तर सत्तरी जवळ आल्यावरची आहेत. ‘खट्टा मीठा’ १९७८, ‘गोलमाल’ आणि ‘बातों बातों में’ १९७९, ‘खूबसूरत’ १९८०. आयुष्यभर अविवाहित राहिलेला हा माणूस पडद्यावर घरोघरीच्या पोरांची लग्नं जमवत होता. शेवटी ते कॅनडात गेले, आणि १९८१-८२ च्या हिवाळ्यात टोरांटोमध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

चित्रपटांच्या सुरुवातीला त्यांचं नाव येतं ते बहुधा एकाच शब्दात : डेव्हिड. अब्राहम आणि चेऊलकर हे दोन शब्द त्या पाटीवर मावलेले नाहीत. मात्र ठाण्यात १८७९ साली बांधलेलं ‘शाआर हाशामाइम’, म्हणजे स्वर्गाचं दार, हे प्रार्थनालय अजून उभं आहे. महाराष्ट्रात उरलेल्या बेने इस्राएलांची मोठी वस्ती आज त्याच शहरात आहे. शुक्रवारी सूर्य मावळायला आला की तिथे दिवे लागतात आणि जमलेली माणसं दारात एकमेकांची चौकशी करतात, मराठीत.